पंचवीस माणसं बसतात

आमच्या चर्चच्या फळ्यावर जे वळणदार अक्षर दिसतं ते माझं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते त्या अक्षरामुळंच झालं. आणि खरं बोलायचं तर मला ते सांगायला आवडतंही. मी बी.एस्सी. आहे. आमच्या घराण्यात माझ्या आधी दहावीच्या पुढं कुणी पाऊल टाकलं नव्हतं. लातूरला बाप गवंडीकाम करायचा, माय एका शाळेत झाडझूड करायची. निकाल लागला त्या दिवशी बाप पेढ्यांचा पुडा घेऊन गल्लीभर फिरला. "पोरगी बीएस्सी झाली," हे तो अशा थाटात सांगत होता की लोकांना वाटलं, बीएस्सी हा एखादा तालुका असावा आणि मी तिथली तहसीलदार.

शिकायला नांदेडला आले आणि नांदेडचीच झाले. विष्णुपुरीकडच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवते. भाड्याच्या खोलीत राहते. खोली दहा बाय बाराची आहे, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आमचं चर्च लहान आहे. बाक नाहीत, सतरंज्या. डावीकडं बाप्ये, उजवीकडं बाया, मधून पाळकसाहेबांना चालत जाता येईल एवढी वाट. पेटी आहे, ढोलक आहे, झांजा आहेत. रविवारी तिथं कुणीही येऊ शकतं, दार उघडंच असतं. पण माणूस आपला झाला की नाही ते रविवारी कळत नाही, ते शुक्रवारी कळतं. दर शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी सभा असते. तिला आम्ही घरसभा म्हणतो. गाणी होतात, वचन वाचलं जातं, पाळकसाहेब त्या घरातल्या एकेका माणसासाठी प्रार्थना करतात आणि मग चहा. चहा न पिता कुणी उठायचं नाही. ज्याच्या घरी मंडळी चहा पिऊन गेली तो मंडळीतला. ज्याच्या घरी कधी गेलीच नाही तो पाहुणा, मग तो दहा वर्षं सतरंजीवर बसलेला का असेना.

नाताळाआधीचे चार शुक्रवार तर फार मानाचे. आमच्याकडं एक मोठी चांदणी आहे, लोखंडी सांगाड्याची, लाल जिलेटीन लावलेली, आत बल्ब. शुक्रवारी ज्याच्या घरी सभा, त्याच्या दारात ती लागते आणि आठवडाभर तिथंच राहते. पुढच्या शुक्रवारी आधीच्या घरच्यानं ती स्वतः न्यायची, पुढच्याच्या दारात आपल्या हातानं टांगायची. वाटेत कुठं जमिनीला टेकवायची नाही. चांदणी लागल्याशिवाय सभा सुरू होत नाही.

आणि एक. घरसभेची यादी एकदा का चर्चमध्ये वाचली गेली की बदलत नाही. फार पूर्वी एका घराचं नाव वाचून झाल्यावर बदललं होतं. ते अख्खं घर रुसून दुसऱ्या चर्चला गेलं, आणि जाताना आमचा पेटीवाला घेऊन गेलं, कारण तो त्यांचा जावई होता. तेव्हापासून वाचलं ते वाचलं. अक्षर चांगलं म्हणून ही यादी करायचं काम माझ्याकडं आलं.

आता तिच्याबद्दल.

ती तीनेक वर्षांपूर्वी पहिल्यांदा आली. उंच, रुंद खांद्यांची, चापूनचोपून नेसलेली साडी, आवाज जाड. ती जन्मली मुलगा म्हणून आणि जगते बाई म्हणून. पेपरवाले तिला तृतीयपंथी म्हणतात. बाजारात लोक जे म्हणतात ते मी लिहिणार नाही, तुम्हाला माहीत आहे. ती मधल्या वाटेवर उभी राहिली आणि तिनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. डावीकडचे बाप्ये पेटीकडं बघायला लागले. उजवीकडच्या बाया पुस्तकात बघायला लागल्या. शेवटी ती बायांच्या बाजूला, अगदी मागं, चपला काढतात तिथं, सतरंजीच्या कडेला टेकली. पुढं दोन वर्षं तीच तिची जागा.

गंमत म्हणजे तिला गाणी आमच्यापेक्षा जास्त येत होती. देगलूरकडच्या एका खेड्यात ती लहानपणी आज्याच्या मांडीवर बसून ही सगळी गाणी शिकलेली. बाप्तिस्माही तिकडंच झालेला. पुस्तक मिटून गायची. त्या जाड आवाजानं पुढच्या रांगेतल्या माना वळायच्या. महिला मंडळाच्या अध्यक्ष म्हणजे आमच्या सिस्टरबाई, रिटायर नर्स, वॉर्डमध्ये डॉक्टरही त्यांना घाबरून असत म्हणे. त्या म्हणाल्या, "यायला कुणाला बंदी न्हाई. पण प्रत्येकानं आपापल्या जागी बसावं." तिची जागा नेमकी कोणती ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मग सहाएक महिन्यांत बायांना शोध लागला की तिचं शिलाईचं दुकान आहे. ब्लाऊज, फॉल-पिको. आणि हात असा की साडी नेसल्यावर फॉल आहे की नाही ते हातानं चाचपून बघावं. झालं. अख्खं महिला मंडळ तिच्या दुकानात जाऊ लागलं. सोमवार ते शनिवार तिच्यापुढं हात वर करून माप द्यायचं, आणि रविवारी तिच्यात आणि आपल्यात एका पोत्याची जागा सोडून बसायचं. मीपण त्यातलीच. मी पोत्याची नाही, अर्ध्या पोत्याची सोडायचे. शिकलेली ना.

पहिल्या वर्षी डिसेंबरची यादी करताना मी आमच्या सेक्रेटरी काकांना विचारलं होतं. काका एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले तरी माणसं दिसली की मोजतात. म्हणाले, "तिची खोली लहान हाय, बाई. लोक बसतील कुठं?" मी मान हलवली. त्या वर्षीच्या यादीत माझी दहा बाय बाराची खोली होती. तिची नव्हती. दुसऱ्या वर्षीही नव्हती. कॉलेजात मी समतेवर भाषण करून ढाल मिळवलेली आहे, ती ढाल याच खोलीत कपाटावर आहे.

तिसऱ्या वर्षी, नोव्हेंबर संपत आला होता, मी नाताळाचा ब्लाऊज आणायला तिच्याकडं गेले. पुढं दुकान, मागं तीच खोली, मध्ये पडदा. मशीन चालू होती.

"सलाम, मॅडम. तुमचाच उसवून राहिले."

"उसवून? शिवून झाला म्हणालीस की."

"झाला होता. जूनचं माप धरलं. शाळेत डबा चांगला मिळून राहिला वाटतं."

मी पोट आत घेतलं. ती हसली. "घाबरू नका. माझ्या वहीत समदं महिला मंडळ हाय. कुणाची कंबर किती वाढली ते माझ्यापाशीच राहातं. सिस्टरबाईंची तर..."

"नको सांगूस!"

"न्हाईच सांगत. मेले तरी सांगणार न्हाई."

अस्तराचं कापड काढायला ती उठली. वरच्या फळीवर कागदात गुंडाळलेल्या गोळ्यांची एक रांग होती. एकाचा कागद सुटला होता, आतून निळ्या फुलांचा कान दिसत होता.

"हे काय आहे गं?"

"कप. दोन डझन. पहिल्या वर्षीच घेतले इतवाऱ्याच्या बाजारातून. घरसभा लागली अन् ऐन वेळी कप न्हाईत असं नको." बटणं आणून ठेवली असं सांगावं तसं तिनं सांगितलं. मग दोरा तोडत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "यादी यंदाबी तुम्हीच करून राहिल्या का?"

"हाव."

"नका लिहू, मॅडम. लोकांचं मन न्हाई तर न्हाई. मी येत जाईन, मागं बसत जाईन. पण जागा लहान हाय असं तेवढं सांगू नका." तिनं पडदा बाजूला केला. "या, बघा."

खोलीतली कोबा केलेली जमीन स्वच्छ पुसलेली होती आणि तिच्यावर शिलाईच्या निळ्या खडूनं खुणा केल्या होत्या. कपड्यावर करतात तशा. बारीक, सरळ. एका माणसाला मांडी घालून जेवढी जागा लागते तेवढ्या अंतरावर एक. टेप लावून आखलेल्या पाच ओळी, एका ओळीत पाच.

"मशीन बाहेर काढली की पंचवीस माणसं बसतात," ती म्हणाली. "माझं माप चुकत न्हाई."

तिनं शिलाई पुरी केली, मी ब्लाऊज घेतला आणि घरी आले. वाटेत कुठला रस्ता ओलांडला ते आठवत नाही.

थंडीत माय माझ्याकडं राहायला असते. त्या संध्याकाळी आम्ही मटार सोलत बसलो होतो. मी तिला ही गोष्ट सांगितली, जरा हसत हसत, सिस्टरबाईंच्या कमरेसकट. मायचे हात थांबले.

"मग तू काय लिवलंस?"

"अजून लिहिलं न्हाई."

"अन् मागच्या साली?"

मी मटाराची शेंग दोनदा सोलली.

"तुझी आजी ख्रिस्ती काहून झाली, ठावं हाय का तुला?"

"वचन ऐकून."

"वचन मागून ऐकलं. आधी आली ती बायबलवाली बाई. शिकलेली, पांढरं लुगडं. दारात उभी ऱ्हायली अन् म्हनली, तहान लागली. तुझी आजी म्हनली, बाई, आमच्या हातचं तुमाला न्हाई चालायचं. तवर ती घरात शिरली. आपल्या हातानं माठातलं पानी घेतलं अन् प्याली. एक गिलास न्हाई, दोन. तुझी आजी मरोस्तवर सांगायची, पोरी, दोन गिलास." मायनं सालींची टोपली माझ्याकडं सरकवली. "तवापास्नं आपन हितं हाव. अन् तू आता कुनाच्या घरी प्यायचं अन् कुनाच्या न्हाई, त्याची यादी करतीस. बीएस्सी होऊन."

बापानं बीएस्सी म्हटलं की मला मूठभर मांस चढायचं. त्या दिवशी मायनं म्हटलं तेव्हा ते उतरलं.

मी यादी केली. चार शुक्रवार, चार घरं. म्हाताऱ्या माणसांना लांब चालायला नको म्हणून गल्लीच्या ओळीनं लावली. पहिला पाळकसाहेबांकडं, दुसरा सिस्टरबाईंकडं, तिसरा तिच्याकडं, चौथा सेक्रेटरी काकांकडं. या ओळीत मी काय करून ठेवलंय ते मला तेव्हा अजिबात कळलं नाही. पुढं सगळे म्हणाले की बाई लई हुशार, बरोबर डाव टाकला. मी "हं" म्हणत गेले. पण खरं हेच की चांदणीचं माझ्या डोक्यातच नव्हतं.

रविवारी काकांनी चष्मा चढवला आणि यादी वाचली. तीस वर्षं थांबे पुकारलेला माणूस. तोंड आधी चालतं, डोकं मागून येतं. "पहिला शुक्रवार, पाळकसाहेब! दुसरा शुक्रवार, सिस्टरबाई! तिसरा शुक्रवार..." आणि तिचं नाव, दुकानाच्या पत्त्यासकट, खणखणीत. "चौथा शुक्रवार, माझ्या घरी!" मग ते थांबले. कागद जवळ नेला. लांब नेला. चष्मा काढून पुसला.

मी मागं वळून पाहिलं. ती मान खाली घालून सतरंजीचा निघालेला धागा बोटाला गुंडाळत होती. गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

भक्ती संपल्यावर काकांनी मला चपलांपाशी गाठलं.

"हे काय करून ठेवलंस?"

"यादी केली, काका."

"अगं, जागा..."

"पंचवीस माणसं बसतात. टेप लावून मोजलंय."

"ते राहू दे! चांदणी! सिस्टरबाई तिच्या दारात चांदणी लावणार? अन् तिच्या हातनं ती माझ्या दारात येणार?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पण आता मागं कुठं जाणार. म्हटलं, "मग बदला. वाचली तुम्हीच."

काकांनी डोकं खाजवलं. पेटीवाल्याचं अख्खं घराणं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. तेवढ्यात सिस्टरबाई आमच्या शेजारून गेल्या. थांबल्या, माझ्याकडं वरून खाली पाहिलं. "शिकलीस ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "जरा जास्त शिकलीस."

पहिला शुक्रवार झाला, दुसरा झाला. सिस्टरबाईंकडच्या सभेला तर पाय ठेवायला जागा नव्हती, चांदणी त्यांच्या गॅलरीत लाल भडक झळकत होती. तिसऱ्या शुक्रवारच्या आधी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकेकाला अडचणी यायला लागल्या. कुणाच्या पुतणीचा साखरपुडा, कुणाचा पाय मुरगळला, कुणाला अर्धापूरला केळीच्या बागेत पाणी सोडायला जायचं होतं. प्रत्येक अडचणीखाली हात जोडलेली चार चित्रं. गमतीचं म्हणजे यांतल्या निम्म्या बायांचे नाताळाचे ब्लाऊज अजून तिच्याकडंच होते.

गुरुवारी तिचा फोन आला. "मॅडम, येतील का हो?"

"येतील की."

"खोटं नका बोलू. चुरमुरे किती भिजवू ते सांगा."

"पंचवीस जणांचे," मी म्हटलं. फोन ठेवून मायकडं पाहिलं. माय म्हणाली, "उरले तर आपन खाऊ."

शुक्रवारी साडेसहालाच मी आणि माय गेलो. मशीन गल्लीत, वर प्लास्टिकचा कागद. खोलीला नवा चुना. खडूच्या खुणा नव्यानं आखलेल्या. ती पोपटी साडीत होती, कपाळावर घामाचे थेंब. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला परतून ठेवलेला, वर हिरवी मिरची, कोथिंबीर. शेजारच्या मुसलमान मावशींनी, सगळी गल्ली त्यांना खाला म्हणते, आपली मोठी किटली आणून दिली होती आणि त्या दारातच बसल्या होत्या, कारण किटली कशी धरायची ते कुणालाच नीट येत नाही असं त्यांचं म्हणणं. दाराच्या चौकटीवर नवा खिळा ठोकलेला होता. रिकामा.

सातला पाळकसाहेब आले, त्यांच्या बाई आल्या. ढोलकवाला आला. सेक्रेटरी काका आले आणि दारातच बोट हलवत मोजलं. "आठ." कुणी विचारलं नव्हतं. ती उभी होती, खाला दारात होत्या, बाकी आम्ही सहा जण एकेका खुणेवर बसलो. एकोणीस खुणा रिकाम्या राहिल्या, त्या इतक्या सरळ आखलेल्या होत्या की रिकाम्या आहेत हे जास्तच दिसत होतं. माय माझ्या कानात म्हणाली, "पाय पसरून बस. भरल्यावानी दिसंल."

सव्वासात झाले. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "सुरू करायचं का?"

"पाच मिनटं, साहेब," ती म्हणाली. खिळ्याकडं बघून परत आत आली. चहाचं आधण बारीक केलं. पाच मिनिटांनी पाळकसाहेबांनी परत विचारलं. ती म्हणाली, "आजून पाच." सभा व्हायची तर चांदणी पाहिजे, आणि चांदणी सिस्टरबाईंच्या गॅलरीत होती. त्या आल्या नाहीत तर पाळकसाहेब प्रार्थना करतील, आम्ही आठ जण चहा पिऊ, आणि पुढं कुणीही म्हणू शकेल की तिच्याकडं घरसभा झालीच नव्हती. हे तिला कळत होतं. मला कळत होतं. काकांनाही कळत होतं, कारण ते पहिल्यांदाच काही मोजत नव्हते.

मग गल्लीच्या तोंडाशी रिक्षाचा हॉर्न वाजला. वाजतच राहिला. त्याच्यावर चढलेला एक आवाज.

"अगं, कुणी धरणार हाय का, का मी इथंच बाळंत होऊ?"

आम्ही सगळे बाहेर पळालो. रिक्षात सिस्टरबाई. मांडीवर ती लोखंडी चांदणी दोन्ही हातांनी धरलेली, एक टोक हनुवटीखाली, एक टोक रिक्षावाल्याच्या मानेशी. खाली टेकवायची नाही आणि हात सोडायचे नाहीत, मग उतरणार कशा? सगळ्यांत आधी तीच पोचली. तिनं चांदणी अलगद आपल्या हातात घेतली.

"टेकवू नको खाली!" सिस्टरबाई ओरडल्या. "अंधारात दोन गल्ल्या चुकले मी. दारात एक दिवा लावून ठेवता येत न्हाई?"

मागं दुसरी रिक्षा थांबली. तिसरी थांबली. महिला मंडळ उतरायला लागलं. मुरगळलेला पाय चांगला चालत होता. साखरपुडावाली साखरपुड्याच्याच साडीत होती. अर्धापूरवाले केळ्यांची एक फणी घेऊन आले होते. सिस्टरबाई निघाल्या हे एकीला कळलं, तिनं दुसरीला फोन केला, आणि अर्ध्या तासात सगळ्यांच्या अडचणी मिटल्या.

आता चांदणी टांगायची. आणलेल्यानं आपल्या हातानं टांगायची, हा नियम. खिळा उंचावर, सिस्टरबाई बुटक्या, वर गुडघे दुखरे. त्यांनी घरून प्लास्टिकचं स्टूल आणलं होतं बसायला, त्याच्यावरच चढल्या आणि तिच्याकडून चांदणी परत हातात घेतली. स्टूल हललं.

"कुणीतरी धरा की गं!"

कुणीतरी म्हणजे कोण, ते सगळ्यांना एकदमच कळलं. ती पुढं झाली आणि तिनं सिस्टरबाईंची कंबर दोन्ही हातांनी धरली. त्या कमरेचं माप तिला तोंडपाठ होतं. मी वर आभाळाकडं बघायला लागले, नाहीतर तिथंच हसू फुटलं असतं.

"घट्ट धर गं पोरी. पडले तर नर्सबी मी अन् पेशंटबी मीच."

वायर मशीनच्या बोर्डात घातली. चांदणी पेटली. समोरच्या घरांच्या भिंती लाल झाल्या, खालाचा पदर लाल झाला, पोपटी साडीचा भलताच कोणता तरी रंग झाला. सिस्टरबाई स्टुलावरून उतरल्या, मागं होऊन चांदणीकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "जरा वाकडी हाय." कुणी ऐकलं नाही. ढोलक सुरू झालं होतं.

त्या दिवशीचं गाणं मी विसरणार नाही. एवढ्याशा खोलीत ढोलक छातीत वाजतं. आणि तिचा तो जाड आवाज, जो चर्चमध्ये मागून एकटाच यायचा, तो आता आमच्या मधोमध होता. आमच्या बारीक आवाजांना त्यानं खालून धरून ठेवलं होतं. दुसऱ्या कडव्याला तर ढोलकवाला तिच्याकडंच बघून वाजवत होता.

मग पाळकसाहेबांनी घरातल्या माणसांसाठी प्रार्थना सुरू केली. नेहमी ते एकेकाचं नाव घेतात, नवरा, बायको, लेकरं. इथं तिच्यासाठी केली आणि संपलं. त्यांनी दारातून गल्लीतल्या मशीनकडं पाहिलं. मग म्हणाले, "आणि प्रभू, या घरची मशीन. तिला बळ दे. तिचा दोरा तुटू देऊ नको. नाताळापर्यंत तरी." महिला मंडळानं जो "आमेन" म्हटला तो गोदावरीपलीकडं गेला असेल.

चहा आला. काकांनी दारात उभं राहून मोजलं, "एकतीस! कप चोवीस. दोन ट्रिपा कराव्या लागतील!"

पहिला कप वयानं मोठ्या माणसाला. तिनं निळ्या फुलांचा कप बशीत ठेवून सिस्टरबाईंपुढं धरला. आपण बघत नाही असं दाखवत सगळे बघत होते. सिस्टरबाईंनी कप घेतला, फुंकर मारली, प्यायल्या.

"साखर कमी हाय."

"तुम्हाला शुगर हाय, बाई," ती म्हणाली. "ब्लाऊजच्या ट्रायलला आल्या तवा तुम्हीच म्हणाल्या."

पाळकसाहेबांच्या बाईंना ठसका लागला. सिस्टरबाईंनी तिच्याकडं पाहिलं, वॉर्डमध्ये डॉक्टरकडं पाहत असतील तसं. मग त्यांनी कप संपवला आणि पुढं केला.

"आजून एक दे. बिनसाखरेचा."

खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून मायनं माझ्याकडं पाहिलं आणि दोन बोटं वर केली. दोन. मला काय झालं कोण जाणे, मी केळ्यांच्या फणीआड तोंड लपवलं.

मला "जरा जास्त शिकलीस" म्हणणाऱ्या सिस्टरबाई त्या शुक्रवारी रिक्षात कशा बसल्या, ते मला आजही ठाऊक नाही. मी एकदा विचारलं. "मी कुणासाठी गेले न्हाई," त्या म्हणाल्या. "यादीत होतं. चांदणी माझ्याकडं अडकली असं कुणी म्हणायला नको." एवढंच. मी पुढं ताणलं नाही. त्यांच्याबद्दलही मी मनात एक यादी करून ठेवली होती, तीही चुकलीच होती.

सगळे उठले तेव्हा खोलीतली एकही खूण जागेवर राहिली नव्हती. सगळा खडू साड्यांना लागला होता. गल्लीतून चाललेल्या प्रत्येक बाईच्या मागं एक निळसर डाग. मी आणि ती कप विसळत बसलो. सुशीला संपला होता. माझा चहा सगळ्यांत शेवटी आला, तिचा त्याच्याही नंतर. स्वतःसाठी तिनं खूणच आखली नव्हती, तेव्हा ती सिस्टरबाईंच्या विसरलेल्या स्टुलावर बसली.

"मॅडम," ती म्हणाली, "माप चुकलं ओ माझं. एकतीस बसली."

पुढच्या शुक्रवारी आम्ही सगळे काकांच्या दारात जमलो होतो. ती रिक्षातून उतरली, चांदणी छातीशी धरून, आणि तिच्याबरोबर उतरल्या सिस्टरबाई, "टेकवू नको, टेकवू नको," करत. काकांच्या दारात ही गर्दी, तिला आत यायला वाट नव्हती. ती उंबऱ्याबाहेर थांबली. काकांनी तिच्याकडं पाहिलं, चांदणीकडं पाहिलं, मग घरातल्या गर्दीकडं वळले आणि तीस वर्षं कमावलेला आवाज लावला.

"चला, आत सरका! पुढं सरका! दार सोडा! जागा हाय, लई जागा हाय!"